तीनची पाटी

"वर तीन लिहिलंय ना? मग तीनच," कुलगुडे म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्मा खिशात गेला की त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला असे.

"वर तीन लिहिलंय," मी म्हणालो, "पण आत विचारलं तर दोन सांगतंय."

"कुणाला विचारलं?"

"त्यालाच."

"आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी दोन आहे म्हणून?"

"हो. दोन पॉइंट सात."

कुलगुडे जरा जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, झोप होतीय ना नीट?"

मला राग आला नाही. तोच प्रश्न मी सकाळपासून स्वतःला विचारत होतो.

ही गोष्ट कुरुंदवाडची, आमच्या ज्ञानदीपिका वाचनालयातली, आणि तिला आता बरीच वर्षं झाली. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालो होतो. एकटाच राहत होतो आणि दिवसाचा बराचसा भाग वाचनालयात काढत होतो. विश्वास कुलगुडे वाचनालयाचे कार्यवाह. संगणक एकच होता, तो पुस्तकांच्या कार्डांच्या कपाटामागे ठेवलेला होता, आणि तो चालवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला येत होतं म्हणून नव्हे. "कोण करतंय?" असं सभेत विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं होतं, आणि मी नेमका तेव्हा वर बघत होतो.

काम होतं घरपोच पुस्तकांच्या आकडेवारीचं. ज्यांना वाचनालयाचे जिने चढवत नाहीत अशांच्या घरी पुस्तकं पोचवायची, यासाठी पुण्याच्या एका न्यासाने आम्हाला स्कूटर दिली होती. ती शेडबाळेबाई चालवत. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. स्कूटरच्या पुढ्यात टोपली, टोपलीत पुस्तकं, आणि हॉर्न असा की घोसरवाड नाक्यापर्यंत ऐकू जावा. न्यासाची अट एकच होती. एका फेरीला एका घरी सरासरी तीनपेक्षा जास्त पुस्तकं वाचली जात असतील, तर स्कूटर राहील. नसतील, तर दुसऱ्या गावाला जाईल. हिशोब हाताने केलेला चालणार नव्हता. सगळ्या गावांचं गणित एकाच पद्धतीचं असावं म्हणून तो पायथन या भाषेत, तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, कार्यकारिणीच्या समोर पडद्यावर करून दाखवायचा होता. सभा शनिवारी होती.

पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा. ती मी वाचनालयातल्याच एका पुस्तकातून शिकलो. कुणीतरी देणगी दिलेलं, बांधणी उसवलेलं पुस्तक होतं ते. पडद्यावर वहीच्या पानासारखं एक पान उघडायचं, त्याला नोटबुक म्हणत. एका चौकटीत प्रश्न लिहायचा, खालच्या चौकटीत उत्तर येई. उजव्या कोपऱ्यात, कोणती आवृत्ती चालू आहे त्याची पाटी असे. आमच्या पाटीवर 'पायथन ३' असं ठसठशीत लिहिलेलं होतं.

मी वर्षभराची पुस्तकं भागिले घरोघरच्या फेऱ्या असं लिहिलं. उत्तर आलं तीन. तीनपेक्षा जास्त नाही, तीन.

हाताने केलं तर साडेतीनच्या वर येत होतं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग मी हाताचाच भरवसा सोडला. आयुष्यभर माझं आणि दुसऱ्या कुणाचं जुळलं नाही की मी आधी माझंच खोडत आलो आहे, आणि हे तर यंत्र होतं. तरी महिन्यामहिन्याचं उत्तर काढलं तेव्हा मनात काहीतरी टोचलं. एकाही महिन्यात अर्धं नाही, पाव नाही. दोन, तीन, चार, तीन. माणसं इतकी गोळीबंद वाचत नाहीत. म्हणून मी पुस्तकात बघून, यंत्राला त्याची आवृत्ती कशी विचारायची ते शोधलं आणि विचारलं. आणि ते म्हणालं दोन.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. अकराच्या सुमाराला माझ्या दारात हॉर्न वाजला.

"उपाध्येसर! पुस्तकं!"

मी दार उघडलं. शेडबाळेबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. दोन वर्षांत त्या कधी आत आल्या नव्हत्या. अजून बरीच घरं असत, आणि ऊन वाढत असे.

"ही घ्या सहा. ह्यातलं एक बोजड आहे, सांगून ठेवते. आणि गेल्या वेळची द्या."

मी सहा पुस्तकं परत दिली.

"सगळी वाचली?"

"हो."

"डोळे आहेत की काय आहेत." त्यांनी पुस्तकं टोपलीत लावली. "शनिवारचं काय? झालं का तुमचं गणित?"

"होतंय."

"होतंय म्हणजे नाही झालेलं. मी चाळीस वर्षं पोरं तपासलीत सर."

मग मी त्यांना सांगितलं, की उत्तर तीन येतंय आणि यंत्र स्वतःबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतंय. त्यांनी हँडलवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"थोडक्यात, स्कूटर जाणार."

"तसं नाही."

"गेली तर गेली. बेळगावची भाची वर्षभर बोलावतीय. मोठं घर आहे. ये म्हणते, नुसती बस म्हणते." त्यांनी स्कूटरचा आरसा उगाच पुसला. "बसायला काय, कुठंही बसता येतं."

"मी करतो काहीतरी," मी म्हणालो.

"करा. आणि गुडघ्याला तेल लावा. जिने चढवत नाहीत म्हणून यादीत नाव आहे तुमचं."

हॉर्न वाजवत त्या गेल्या. मी सहा पुस्तकं घेऊन आत आलो.

शुक्रवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो होतो. त्या संगणकात नोटबुकाशिवाय आणखी एक काळी चौकट होती. तिच्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम द्यायचे. न्यासाचा एक माणूस वर्षापूर्वी येऊन तिच्यात काहीतरी करून गेला होता, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मी धीर करून तिच्यात तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, तीन.

एकाच यंत्राला दोन तोंडांनी विचारलं तर एक दोन म्हणत होतं, दुसरं तीन. आणि ज्या तोंडाच्या माथ्यावर तीनची पाटी, तेच दोन म्हणत होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, की वय म्हणतात ते हेच. पुढच्या आठवड्यात मी नळ समजून पंख्याचं बटण फिरवीन.

मी उसवलेलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून काढलं. भागाकाराच्या पानावर तळटीप होती. मी ती आधी वाचली नव्हती. तळटिपा न वाचणारा मी माणूस नाही, पण तिथे कुणीतरी पुस्तकातली खूण म्हणून बसचं तिकीट चिकटवलं होतं. ते सोडवलं. खाली लिहिलं होतं, की या दुसऱ्या आवृत्तीत पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की उत्तरही पूर्णच येतं, उरलेलं सोडून दिलं जातं. तिसऱ्या आवृत्तीत मात्र उरलेलंही दाखवतील.

म्हणजे हात बरोबर होता. मी बरोबर होतो. ही गोष्ट मला इतकी नवीन होती की मी उठून पाणी पिऊन आलो.

तेवढ्यात कुलगुडे आले, आणि त्यांच्याबरोबर अध्यक्ष आण्णासाहेब मगदूम. आण्णासाहेबांनी अनेक वर्षं सूतगिरणी सांभाळली होती, त्यामुळे त्यांना यंत्राची भीती नव्हती आणि यंत्रात रसही नव्हता. मी त्यांना सांगितलं, की यात दोन्ही आवृत्त्या आहेत, न्यासाच्या माणसानं नवी बसवली आहे, पण नोटबुक अजून जुनीलाच विचारतंय.

"मग जुनी टाका की काढून," आण्णासाहेब म्हणाले. "हाय काय त्यात?"

"काढता येणार नाही," कुलगुडे म्हणाले. "ती जडवस्तूंच्या यादीत आहे."

"काय आहे?"

"संगणक आला तेव्हा त्याच्यासोबत जे जे आलं ते सगळं मी यादीत चढवलं. पडदा, कीबोर्ड, उंदीर, पायथन. खुर्चीनंतरचा नंबर आहे तिचा. यादीतली वस्तू काढायची तर निर्लेखन करावं लागतं, त्याला वार्षिक सभेची मंजुरी. ती जूनमध्ये."

"पण ती वस्तू नाही," मी म्हणालो.

"वाचनालयात आहे ना? मग वस्तूच."

आण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"बरं, राहू दे तिला," मी म्हणालो. "मला एवढंच कळत नाहीये, की ती दोन आहे तर वर तीनची पाटी कुठून आली."

"ती मी लावली," कुलगुडे म्हणाले.

आम्ही दोघेही त्यांच्याकडे वळलो.

"बघताय काय? गेल्या वर्षी न्यासानं कळवलं, तिसरी आवृत्ती पाहिजे. आपण ठराव केला. 'यापुढे वाचनालयाच्या पायथनला पायथन ३ असे संबोधण्यात यावे.' एकमतानं पास झाला, आण्णासाहेब, तुमच्याच अध्यक्षतेखाली. मग अंमलबजावणी नको? माझ्या मेव्हण्यानं फोनवर सांगितलं कुठली फाईल उघडायची ते. तिथं नाव लिहिलेलं असतं. दोन खोडलं, तीन लिहिलं, सेव्ह केलं."

"पण आवृत्ती तीच राहिली," मी म्हणालो.

"राहणारच. स्टँडजवळच्या चौकाचं नाव आपण बदललं, तेव्हा पाटीच बदलली ना? चौक उचलून दुसरीकडं नेला का?"

मला हसू आलं नाही, ही गोष्ट मी आज नमूद करतो. मला वाटलं, त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी पुस्तकात नव्हतं ते करायला बसलो. खरी तिसरी आवृत्ती नोटबुकाला जोडायची होती. काळ्या चौकटीत एक हुकूम देऊन ती जोडता येते असं त्या चौकटीच्याच मदतीच्या पानावरून कळलं, पण तो हुकूम शेवटी विचारत असे, की हिला पाटीवर काय नाव लिहू? 'पायथन ३' लिहिणं शक्य नव्हतं. ते नाव ठरावाने दुसरीला गेलेलं होतं, आणि ठराव फिरवायचा तर पुन्हा जून. मला तिथे एखादा शब्द लिहायचा होता, कोणताही. मी लिहिला. हुकूम चालला. मग नव्या आवृत्तीने माझं सगळं लिखाण नाकारलं, कारण जुन्या पुस्तकातली वाक्यं तिला कंसाशिवाय समजत नव्हती. मी संध्याकाळपर्यंत एकेका ओळीला कंस घालत बसलो.

शनिवारची सभा साडेपाचला भरली. शेडबाळेबाईंना निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. त्यांनी सगळ्यांसाठी कोथिंबिरीच्या वड्या करून आणल्या होत्या, निरोपाला करतात तशा, जरा जास्तच. मी कार्यकारिणीत नऊ वर्षं होतो आणि त्या नऊ वर्षांत सभेत 'हजर' याखेरीज एक शब्द बोललो नव्हतो.

कुलगुडेंनी पडद्यावर पाटीखालचं उत्तर दाखवलं. तीन.

"न्यासाला तीनपेक्षा जास्त पाहिजे," ते म्हणाले. "खेद वाटतो. इतिवृत्तात घेऊ का?"

बाई खिडकीतून खाली बघत होत्या. स्कूटर खाली उभी होती.

"थांबा," कुणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर वड्यांची ताटली होती. मी ती उचलली, तिच्यात सात वड्या ठेवल्या आणि आण्णासाहेब आणि कुलगुडे यांच्या मधोमध नेऊन ठेवली.

"या तुम्हा दोघांत सारख्या वाटायच्या. प्रत्येकाला किती?"

"साडेतीन," आण्णासाहेब म्हणाले.

"ही जी पाटीवाली आहे, ती म्हणते तीन."

"आणि सातवी?"

"सातवी नाहीच."

"न्हाई म्हंजे? समोर दिसतीया की!"

"तिच्या हिशोबात नाही. ती उरलेलं सोडून देते."

आण्णासाहेबांनी ताटलीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि मग हळूहळू कुलगुडेंकडे बघितलं. "मग ती खाल्ली कुणी?"

"मी नाही खाल्ली," कुलगुडे म्हणाले.

"वर्षभर हितं पुस्तकं अशीच जात व्हती व्हय? सर, दुसरी दाखवा. ती खरी असल ती."

मी आवृत्त्यांची यादी उघडली. तिच्यात दोन नावं होती. आण्णासाहेबांनी मान पुढे काढून दुसरं नाव मोठ्याने वाचलं.

"गुरुवार."

"हे काय वो?"

"नाव द्यावं लागतं," मी म्हणालो. "तीन हे नाव... ठरावात गेलेलं होतं."

"ते बरोबर आहे," कुलगुडे म्हणाले. "पण मग सोमवार का नाही?"

उत्तर होतं, पण ते इतिवृत्तात घेण्यासारखं नव्हतं. कुलगुडेंनी चष्मा खिशातून बाहेर काढला, ही चांगली खूण नव्हती. त्यांनी पडद्यावरची घरपोच वाचकांची यादी वाचायला सुरुवात केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"उपाध्ये. वार गुरुवार. पुस्तकं सहा. पुन्हा सहा. दर वेळी सहा."

"उपाध्येसरांच्या घरी?" आण्णासाहेब म्हणाले. "मग रोज सकाळी हितं कुलूप उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसतंय ते कोण?"

"गुडघा," मी म्हणालो.

"गुडघा काय फकस्त गुरुवारी दुखतोय?"

सगळे हसले. कुणी वाईट हसलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. मी फक्त बाईंकडे बघितलं नाही. त्या हसल्या की नाही, हे मला आजही माहीत नाही.

"चेष्टा बाजूला," कुलगुडे म्हणाले. "जे स्वतः जिना चढतात त्यांची पुस्तकं यात धरता येणार नाहीत. उद्या न्यासानं विचारलं तर मी काय सांगू? सरांची ओळ काढून हिशोब व्हायला पाहिजे."

यावेळी ते बरोबर होते. आणि माझ्या सहा-सहा पुस्तकांनीच सरासरी वर उचलून धरली असेल, तर मीच स्कूटर घालवणार होतो. बाई आता खिडकीकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. मी माझी ओळ काढली. घाईत एकदा भलतीच ओळ निवडली गेली, ती परत आणली. मग 'चालव' म्हणून कळ दाबली.

आण्णासाहेबांनी वाचलं. "तीन. पुढं टिंब. पुढं बारा."

कुलगुडेंनी लगेच पाटीवाली आवृत्ती निवडून तोच हिशोब चालवला. तीन.

"हिच्यात बारा न्हाई," आण्णासाहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"ते बारा कुठनं आलं मग?"

"ते पहिल्यापासून होतं."

आण्णासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "तीनपेक्षा जास्त हाय का न्हाई? हाय! लिवा."

कुलगुडेंनी लिहिलं, कारण आता ते लिहिणं नियमात बसत होतं. लिहिता लिहिता वाचूनही दाखवलं. "गुरुवार या नावाच्या आवृत्तीनुसार सरासरी तीनपेक्षा जास्त आढळल्याने स्कूटर सेवा पुढे चालू ठेवण्यात यावी." मग मान वर न करता ते म्हणाले, "ठराव दुसरा. श्री. उपाध्ये हे जिना चढू शकत असल्याचे निदर्शनास आल्याने त्यांची घरपोच सेवा बंद करण्यात यावी. सूचक मी. अनुमोदक?"

कुणाचाच हात वर जाईना. सगळे खाली बघत होते. मग हात वर गेला. तो माझाच होता. नऊ वर्षांची सवय.

पुढच्या गुरुवारी मी वाचनालयात गेलो नाही. जायला हरकत नव्हती, किंबहुना ठरावानुसार मी तिथेच जायला हवं होतं. मी घरी बसून बोजड पुस्तक उघडलं आणि एकच पान वाचत राहिलो. अकरा वाजून गेले. मग नाक्याकडून हॉर्न ऐकू आला. मला वाटलं, पुढच्या गल्लीतल्या कुलकर्णी आजींकडे जात असतील. हॉर्न जवळ आला आणि माझ्या दारात थांबला.

मी दार उघडलं. शेडबाळेबाईंनी टोपली स्कूटरवरच ठेवली होती. हात रिकामे होते.

"पुस्तकं नाहीत," त्या म्हणाल्या. "ठराव झालाय."

"हो. मीच अनुमोदन दिलं."

"बघितलं मी." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे. रोज सकाळी तुम्ही त्या पायरीवर बसलेले दिसता, मी दूध आणायला जाते तेव्हा."

मी दाराची कडी उगाच वरखाली केली.

"उन्हात किती वेळ उभं करणार आहात?" असं म्हणून त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि पुस्तकांचा गठ्ठा बाजूला सारून खुर्चीवर बसल्या. "अजून सात घरं आहेत. चहा टाका. लवकर टाका."

मी आत जाऊन आधण ठेवलं. साखरेचा डबा काढला आणि चमचा हातात घेऊन थांबलो. दोन वर्षं दर आठवड्याला भेटलेल्या माणसाला साखर किती लागते, हे मला माहीत नव्हतं.

"साखर किती?" मी आतून विचारलं. "दोन की तीन?"

बाहेर त्या हसल्या. मी काय विचारलं ते मला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

"अडीच," त्या म्हणाल्या.

मी दोन चमचे घातले, आणि मग अर्धा नीट बघून घातला.